मोहिमेवरचा माणूस

पाबळच्या माळावर विमानाचा आवाज आला की नवखा माणूस आवाजाच्या दिशेनं वर बघतो. तिथं त्याला काहीच दिसत नाही. इथली पोरं तशी बघत नाहीत. ती आवाजाच्या बरीच पुढं, थेट पलीकडच्या टेकडीवर नजर टाकतात आणि बोट दाखवून मोकळी होतात. लोहगावचा हवाई दलाचा तळ इथून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. सुखोई तिथून सुटलं की दोन-तीन मिनिटांत शिरूर तालुका मागं टाकतं. ज्वारीच्या रानात खुरपायला बसलेल्या बाया तर मानही वर करत नाहीत. गडगडाट डोक्यावरून जाईपर्यंत तेवढं बोलणं थांबवतात, मग राहिलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं चालू करतात. मला ही सवय फार आवडते. विमानापेक्षा त्या राहिलेल्या वाक्यातच काहीतरी मोलाचं असणार, अशी खात्री वाटत राहते.

लोहगावचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी वापरात आणला. सुखोई तिथं १९९७ साली आलं. त्याआधी बरीच वर्षं लोहगावला बाँबफेकी विमानांचा मुक्काम होता. कॅनबेरा त्यांचं नाव. इंग्रजी बनावटीचं, दोन जेट इंजिनांचं, रुंद पंखांचं हे विमान १९५७ साली आपल्या हवाई दलात आलं आणि २००७ साली निवृत्त झालं. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्यामागं बारा कॅनबेरा पुण्याहून निघाली आणि गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बाँब टाकून परत आली. धावपट्टी उखडायची, पण विमानतळाच्या इमारतीला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. त्यांच्या पाठोपाठ आणखी आठ गेली. दुसऱ्या दिवशी गोव्यातली साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली. त्या सकाळी विमानांची तोंडं दक्षिणेला होती, पाबळ त्यांच्या पाठीमागं राहिलं. गावानं त्या दिवशीही धारा काढल्या असतील आणि गुरं सोडली असतील.

कॅनबेराची एक गोष्ट कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या लढाऊ तुकड्यांकडं जी कॅनबेरा होती, तिच्यात दोन माणसं बसत, एक वैमानिक आणि एक नेव्हिगेटर. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली. नेव्हिगेटर त्याच्या खाली-पुढं, आणि नेम धरायची वेळ आली की विमानाच्या नाकात पालथा पडून. विमान पेटलं तर वैमानिकाच्या खुर्चीला स्फोटानं बाहेर फेकून देणारी यंत्रणा होती. नेव्हिगेटरच्या खुर्चीला ती नव्हती. त्यानं उठायचं, बाजूच्या दारापर्यंत जायचं आणि उडी टाकायची. कोसळत्या विमानात हे जमायचं किती जणांना? १९६५ च्या युद्धात सप्टेंबरातल्या एका रात्री आपलं एक कॅनबेरा पाडलं गेलं. वैमानिक खुर्चीसह बाहेर पडला आणि कैदी झाला. नेव्हिगेटर वाचला नाही. दोघं मिळून उडतात, पण सुटकेची सोय एकालाच. हे दोघं संध्याकाळी मेसमध्ये एका टेबलावर बसत असतील, पत्ते खेळत असतील, एकमेकांच्या लग्नाला जात असतील. त्या खुर्चीविषयी ते कधी बोलत असतील का? मला वाटतं, नसतील.

असल्या दोन माणसांमध्ये एखादी बाई आली तर काय होईल, हा विचार सिनेमावाल्यांना सुचला नसता तरच नवल. आमच्या पट्ट्यात तो विचार तंबूतून आला. जत्रेच्या दिवसांत टुरिंग टॉकीजचा ट्रक यायचा. वावरात तंबू ठोकायचे, मधे दोर लावून बायकांची बाजू आणि गड्यांची बाजू वेगळी करायची, आणि खाली बसायला आपापलं पोतं. ‘संगम’ मी असा पाहिला. राज कपूरचा १९६४ चा सिनेमा. त्याला दोन मध्यंतरं होती आणि तंबूत रीळ तुटायचं तेव्हा आणखी एक-दोन व्हायची, त्यामुळं सिनेमा संपेपर्यंत मुलं पोत्यावरच झोपून गेलेली असायची. त्यातला सुंदर राधाच्या मनात भरावं म्हणून हवाई दलात जातो. जाताना जिवलग मित्राकडून वचन घेतो की तिच्या-माझ्यात कुणाला येऊ द्यायचं नाही. राधाचं मन त्या मित्रावरच असतं. सुंदर काश्मीरच्या खोऱ्यातल्या जवानांना रसद पोचवायला विमान घेऊन जातो, परत येत नाही, मेला असं सगळे धरून चालतात, आणि मग तो येतो.

तंबूतल्या बायका कुणाच्या बाजूच्या आहेत हे अंधारातही कळायचं. सुंदर परत आला तेव्हा गड्यांच्या बाजूनं शिट्ट्या झाल्या आणि दोराच्या पलीकडं एक मोठा उसासा पडला. तो सुटकेचा होता की हताशेचा, हे तेव्हा कळण्याचं माझं वय नव्हतं. पण एक गोष्ट आठवते. त्या चार तासांत युद्ध असं जवळजवळ नव्हतंच. एक नायक दूर जावा आणि दुसऱ्याला जागा मोकळी व्हावी, एवढ्यापुरतंच ते आलं होतं. काम झाल्यावर निघूनही गेलं. पुढची भांडणं घरातली, पत्रांची आणि संशयाची. शेवटी पिस्तूल सुटलं तेही दिवाणखान्यात.

पुढं बऱ्याच वर्षांनी ‘द वॉर लव्हर’ हा काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा पाहिला. ‘संगम’च्या दोन वर्षं आधीचा, १९६२ चा. स्टीव्ह मॅक्वीन त्यात बझ रिक्सन नावाचा बाँबफेकी विमानाचा कप्तान झाला आहे. १९४३ चं इंग्लंड, अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचा तळ, चार इंजिनांचं बी-१७ विमान आणि त्यात दहा माणसं. रिक्सनच्या शेजारच्या खुर्चीत त्याचा सहवैमानिक बोलंड. दोघांची ओळख डॅफ्नी नावाच्या एका इंग्रज मुलीशी होते. ती बोलंडची होते आणि रिक्सनला ते खपत नाही. इथवर गोष्ट नेहमीची. पण रिक्सन हा नेहमीचा प्रतिस्पर्धी नाही. त्याला बाँब टाकायला आवडतं. परत फिरायचा हुकूम आला तर तो ऐकत नाही. शत्रूच्या गावांवर बाँबऐवजी पत्रकं टाकायचं काम दिलं तर त्याला तो अपमान वाटतो आणि रागानं तो आपल्याच तळाच्या छपरांना घासत विमान नेतो. त्याच्या हाताखालची माणसं त्याला घाबरतात आणि त्याच्यावाचून उडायलाही घाबरतात, कारण त्याच्याइतकं चांगलं विमान कुणीच चालवत नाही.

हा सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतला ती जॉन हर्सीची, १९५९ सालची. हर्सी हे नाव आपल्याकडं वेगळ्या कारणानं माहीत असतं. हिरोशिमावर अणुबाँब पडल्यानंतर तिथं जाऊन, वाचलेल्या सहा माणसांची हकिकत त्यानं १९४६ मध्ये लिहिली. म्हणजे बाँब ज्यांच्यावर पडला त्यांच्याकडं तो आधी गेला आणि तेरा वर्षांनी वर चढून, बाँब टाकणाऱ्याच्या मनात डोकावायला बसला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. खालचं पाहून झालेला लेखक वरच्या माणसाच्या शौर्यानं सहजी भुलत नाही. त्याला रिक्सनचं कौशल्य दिसतं, त्याची हिंमतही दिसते, आणि तरी तो विचारत राहतो की बाबा रे, तुझं नेमकं प्रेम कशावर आहे?

बाँबफेकी विमानांचं युद्ध ही एक विचित्र नोकरी होती. पायदळातला माणूस महिनोन्महिने चिखलात असायचा. हे लोक मात्र सकाळी स्वच्छ चादरीतून उठत. मोहिमेच्या दिवशी नाश्त्याला खरी अंडी मिळत, एरवी अंड्याची भुकटी. अंडी दिसली की आज उडायचं आहे हे कळे. दुपारी जर्मनीवर तोफांच्या धुरात, आणि जिवंत राहिले तर संध्याकाळी गावात बिअर आणि नाच. सकाळी मरण, संध्याकाळी मुलगी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अमेरिकन माणसाला पंचवीस मोहिमा झाल्या की घरी जाता येई, पण तेवढ्या गाठणं सोपं नव्हतं. रात्री उडणाऱ्या ब्रिटिश बाँबर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० माणसांपैकी ५५,५७३ मेली. असल्या दिवसांत प्रेमाला घाई असणार आणि मत्सरालाही. आज जी खुर्ची रिकामी झाली, तिथल्या माणसाची मैत्रीण उद्या कुणाबरोबर नाचेल, हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी ते बोलायचं नाही.

सिनेमाचा गाभा मात्र डॅफ्नीला कळलेला आहे. तिला रिक्सनची ओढ वाटत नाही असं नाही. पण तिच्या लक्षात येतं की हा माणूस आपल्याला मागतो आहे तो बोलंडकडून हिसकावून घ्यायला. त्याचं मन दुसरीकडंच गुंतलेलं आहे. तिथं तिला शिरकाव नाही. शेवटी विमान खिळखिळं होतं, बाकीचे हवाई छत्रीनं उड्या टाकतात. रिक्सन विमान सोडत नाही आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या कड्यावर आदळतो. लोक म्हणतील, हरलेल्या प्रेमिकानं जीव दिला. मला तसं वाटत नाही. ज्याच्यावर त्याचं प्रेम होतं, त्याला तो अखेरपर्यंत धरून राहिला. आपण त्रिकोणाच्या आवाजाकडं बघत बसतो आणि विमान केव्हाच पुढं गेलेलं असतं.

हे सगळं पाबळमध्ये आठवायचं कारण काय, असं कुणी विचारेल. पाबळला मी आधी गेलो ते विज्ञान आश्रम पाहायला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईतली मोठी नोकरी सोडून १९८३ साली इथल्या माळावर आले आणि शाळेत न रमलेल्या पोरांना हातानं काम करता करता शिकवू लागले. वेल्डिंग, शेती, विजेची कामं, बांधकाम. तिथं त्रिकोणी तुकडे जोडून उभे केलेले घुमट दिसतात. १९९३ च्या लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतर असली घरं बांधण्याचं काम इथून पुढं गेलं. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन माणसानं तो घुमट जगात गाजवला. गंमत अशी की पन्नासच्या दशकात उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात, शत्रूची बाँबफेकी विमानं येतात का हे पाहणाऱ्या रडारवर अमेरिकेनं घातलेलं कवच याच जातीच्या घुमटाचं. तिथं तो बाँबची वाट बघत उभा राहिला आणि इथं छप्पर पडलेल्या माणसाला निवारा द्यायला. आकाराचा त्यात दोष नाही. हिमतीचं, वेगाचंही तसंच असावं. कुठं नेऊन उभं करता त्यावर सगळं.

आश्रमाकडून गावात आलं की जुनी गढी, आणि तिथं मस्तानीची कबर. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं बाजीराव पेशव्यानं तिला इनाम दिली असं सांगतात. कबर साधी. दगडी आवार, वर आभाळ. नावाचा एवढा गाजावाजा ऐकून आलेली मंडळी थोडी खट्टू होतात. पुण्याची गाडी लावून आलेलं जोडपं फोटो काढतं, पाच मिनिटांत संपतं, मग ती दोघं पद्ममणी जैन मंदिराची वाट विचारतात. गावातल्या माणसांना मस्तानीची कथा विचारावी तर तिच्या मरणाच्या तीन-चार तऱ्हा ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं हिरकणी गिळली, कुणी म्हणतं बाजीराव गेल्याची बातमी ऐकून धसक्यानं गेली, कुणी तिला सती धाडतं. तऱ्हा कोणतीही असो, साल १७४०.

बाजीराव वीस वर्षं पेशवा होता आणि वीस वर्षं घोड्यावर. १७२० साली त्याला वस्त्रं मिळाली, १७२८ साली पालखेडला त्यानं निजामाला नुसत्या चालींनी कोंडीत धरलं. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनापती माँटगोमेरी यानं युद्धशास्त्राच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, त्यात या पालखेडच्या मोहिमेची तारीफ आहे. १७२९ साली बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धाव, १७३७ साली थेट दिल्लीच्या वेशीवर. चालत्या घोड्यावर ज्वारीची कणसं तळहातावर मळून खाणारा बाजीराव ही कथा आपल्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असते. पाबळच्या रानात हुरड्याच्या दिवसांत ती हमखास निघते. हुरडा चोळता चोळता कुणीतरी म्हणतं, असाच खायचा म्हणे राऊ, आणि सगळे आपापल्या तळहाताकडं बघतात. या कथेत घोडा आहे, कणीस आहे, वेग आहे. घर नाही. घरी बसून जेवणाऱ्या बाजीरावाची एकही कथा मला कुणी सांगितलेली नाही.

ते घर त्याच्या बायकोचं, काशीबाईचं होतं. ती चासच्या जोशांची लेक. चास राजगुरुनगरच्या पलीकडं, भीमेच्या काठी. पाबळहून तीस-पस्तीस किलोमीटर भरेल, म्हणजे घोड्यावरून अर्ध्या दिवसाची वाट. एकीचं माहेर आणि दुसरीची माती इतकी शेजारी असावी, हे नकाशा उघडेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काशीबाईचं लग्न १७२० चं, पेशवाईची वस्त्रं मिळाली त्याच वर्षीचं. म्हणजे ती घरात आली आणि नवरा घराबाहेर पडला. त्या काळचं युद्ध इंग्लंडातल्या वैमानिकांच्या युद्धासारखं संध्याकाळी घरी सोडणारं नव्हतं. दसऱ्याला शिलंगण करून निघायचं आणि पावसाच्या तोंडाशी परतायचं. वर्षाचे चार महिने नवरा, आठ महिने जासूद. १७३४ साली दोन्ही घरांत पाळणे हलले, काशीबाईकडं रघुनाथराव आणि मस्तानीकडं पुढं समशेरबहादूर म्हणून ओळखला गेलेला मुलगा. त्या वर्षाबद्दल नाटकवाल्यांनी मत्सराचे केवढे प्रवेश लिहिले असते! मला मात्र त्या वर्षी दोन बाळंतिणी दिसतात आणि दोघींचे कान एकाच दिशेला लागलेले असतात.

ना. सं. इनामदारांनी ‘राऊ’ लिहिली, द. ग. गोडशांनी मस्तानीवर अख्खं पुस्तक लिहून तिच्यावरचे आरोप खोडून काढले, २०१५ साली भन्साळींनी दोघींना एका गाण्यावर एकत्र नाचवलं आणि महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. पेशव्यांच्या घरच्या बायका अशा नाचतील का, हा वादाचा मुद्दा. खरं तर मला खटकलं ते वेगळंच. दोघींना समोरासमोर आणल्याशिवाय आपल्याला ही गोष्ट सांगताच येत नाही. सवत असली की गोष्ट सोपी होते. कुणाची बाजू घ्यायची ते ठरवता येतं, तंबूतल्या दोराच्या अलीकडं किंवा पलीकडं बसता येतं. आणि जो माणूस दोघींनाही सोडून पुन्हा पुन्हा निघून जातो, त्याच्याकडं बोट दाखवायचं राहून जातं. कारण तो जातो तिथं तो मोठा असतो.

हे मला पुस्तकांनी शिकवलं असं म्हणायची सोय नाही. याच पट्ट्यातल्या एका आजींनी शिकवलं. आजींचे मालक पलटणीत होते, एकाहत्तरच्या लढाईत सीमेवर होते, पेन्शनवर आल्यानंतर गावीच वारले. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, “आजी, मस्तानीचं नि काशीबाईचं काय हो झालं असंल?” आजींनी टरफलं सुपात सारली. “काय व्हायचं? दोघी बी वाट बघून दमल्या आसतील.” मग आपलं सांगायला लागल्या. दोन महिन्यांची रजा घेऊन घरी यायचे. पहिले पंधरा दिवस बरे जायचे. सोळाव्या दिवशी ट्रंक उघडून बक्कल घासायला बसायचे. बोलावणं नसायचं, रजा शिल्लक असायची, पण माणूस मनानं निघालेला असायचा. “सवत आसती ना बाळा, तर झिंज्या तरी धरल्या आसत्या. पलटनीच्या झिंज्या कशा धरायच्या?”

हे त्या हसत म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मी विसरलो असतो. त्या हसण्यात नवऱ्याविषयीचा अभिमानही होता, भिंतीवरच्या फोटोतल्या पदकांकडं त्यांनी एकदा बघितलंही. पलटणीनं त्यांचं घर चालवलं, पोरं शिकवली, गावात मान दिला. म्हणूनच तर तिच्याशी भांडता येत नव्हतं. डॅफ्नीला इंग्लंडात जे कळलं तेच या आजींना शेंगा फोडताना कळलं होतं. फरक एवढाच की डॅफ्नीला दुसरा माणूस निवडता आला.

त्यानंतर मी बाजीरावाच्या अखेरच्या महिन्यांकडं पुन्हा पाहिलं, आणि तिथं एक उलटापालट दिसली जी आधी नजरेतून निसटली होती. मस्तानी ही मोहिमांवर बरोबर जाणारी, घोड्यावर बसणारी बाई होती असं परंपरा सांगते. म्हणजे घरात बसून वाट बघण्यापेक्षा त्या खऱ्या सवतीच्या दारातच जाऊन उभं राहायचं तिनं ठरवलं होतं. काशीबाई घरची. पण १७४० साली जागा बदलल्या. बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्यावरच्या मोहिमेत असताना मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलेलं होतं, ते घरच्याच माणसांनी. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंगी-पैठणचा तह झाला, बाजीराव उत्तरेकडं वळला, आणि नर्मदेच्या काठी रावेरखेडीला त्याला ताप भरला. काशीबाई तिथं, छावणीत, त्याच्यापाशी होती. २८ एप्रिलला तो गेला. चाळीसही पुरी झाली नव्हती. वीस वर्षं घरी वाट बघणारीला तो छावणीत मिळाला, तापात बरळणारा. आणि छावणीत जाऊ शकणारी पुण्यात कुलपाआड. दोघींपैकी कुणी जिंकलं असं म्हणायला जागाच उरत नाही.

मस्तानीचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. आईबाप दोन्ही एकाच वर्षी गेले. त्याला पेशव्यांच्या घरातच वाढवलं आणि काशीबाईनं त्याला जवळ केलं. सवतीच्या पोराला मांडीवर घेणारी बाई सिनेमात शेवटच्या पाच मिनिटांत येते आणि प्रेक्षक डोळे पुसतात. इथं ती अठरा वर्षं होती. १७४९ साली तिनं चासला सोमेश्वराचं देऊळ बांधलं, १७५८ साली ती गेली. त्यामुळं पुढचं तिला पाहावं लागलं नाही. समशेरबहादूर मोठा झाला, चांगला लढवय्या निघाला, १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर घायाळ झाला आणि जाटांच्या मुलखात त्यानं प्राण सोडला. सत्तावीस वर्षांचा होता. बापाची भूल त्यालाही पडली होती की दुसरी वाटच नव्हती, कोण सांगणार. मोहीम माणूस घेऊन जाते, आणि त्याचा मुलगा मोठा झाला की त्यालाही बोलावते.

युद्धाच्या कथांतून बायकांची भांडणं काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. मत्सर खरा असतो, झिंज्या खऱ्या असतात. लोहगावहून गोव्याला गेलेल्या कॅनबेरांमधल्या कुणाच्या मनात त्या सकाळी घरचं भांडण नसेल असं कसं म्हणावं? देशाचं काम आणि मनाचं काम एकाच छातीत चाललेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की दोन पुरुष आणि एक बाई, किंवा दोन बायका आणि एक पुरुष, असा हिशेब मांडला की तो नेहमी एकानं चुकतो. जी मोजायची राहते तिचं नाव कुणाच्याही लग्नपत्रिकेत नसतं.

म्हणून पाबळला येणाऱ्यांना एक विनंती. मस्तानीची कबर बघून पुण्याला परत फिरू नका. राजगुरुनगरचा रस्ता धरा, पुढं चासला जा आणि काशीबाईचं सोमेश्वराचं देऊळ त्याच दिवशी बघा. तासाभराची वाट आहे, आणि एकीला बघून दुसरीला टाळण्याचं आता काही कारण उरलेलं नाही.